छबूबाईचं फुलपात्र

हिवरखडे,
१० मार्च १९४५

भीमादादास,
मालनचा सलाम.

पाकीट उलटसुलट करून नाव पुन्हा पुन्हा वाचू नकोस. मीच आहे, तुझी बहीण. गेली कित्येक वर्षं तू लिहिलं नाहीस म्हणून मीही लिहिलं नाही. आईनं आपल्याला घरदार काही दिलं नाही, पण हा ताठा दोघांना सारखा वाटून दिला. तेव्हा मी आधी वाकले असं समजून मिशीला पीळ देऊ नकोस. काम निघालं म्हणून लिहिते.

मुंबईला जाताना तू म्हणाला होतास, "पादऱ्याचा गोड शब्द आणि पाटलाची शिवी, दोन्ही निमूट ऐकणारे कान तुझे तुला लखलाभ." कान तेच आहेत. पण मधल्या काळात मी मिशनच्या दवाखान्याची नर्सबाई झाले. आता गावात कुणी शिवी द्यायला तोंड उघडलं की मी म्हणते, तसंच उघडं ठेवा, आणि जिभेवर किनाईन ठेवते. शिव्या पुष्कळ कमी झाल्यात.

यंदा गावात नारूनं कहर केलाय. मुंबईत नळाचं पाणी पिऊन माणूस विसरतो म्हणून आठवण देते. पायाला फोड येतो, फोड फुटतो, आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं काढतो. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली आणि तुटला, तर पाय सडला. सध्या सकाळी गावातून फेरी मारली तर ओट्याओट्यावर माणसं मांडी घालून बसलेली, आणि जो तो आपल्या पायातून दोरा काढतोय. चरखा संघाच्या कुणी पाहिलं असतं तर सूतकताईचं पहिलं बक्षीस हिवरखड्याला दिलं असतं. पेरणीपर्यंत किती जण उभे राहतील कोण जाणे.

आमच्या डॉक्टरीण मिससाहेब नगरहून येऊन सगळं समजावून गेल्या. दोष गावच्या बारवेचा. नारू झालेला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवतो, किडा तिथं पिलं सोडतो, आणि ते पाणी जो पितो त्याच्या पायातून पुढच्या उन्हाळ्यात नारू निघतो. आपल्या वस्तीच्या विहिरीला पायऱ्याच नाहीत. कठडा आहे, दोर आहे, पोहरा आहे. कुणाचा पाय पाण्याला लागत नाही, म्हणून वस्तीत नारू नाही. गावानं पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला बारवेची पायरी उतरू दिली नाही, त्यामुळे आपण आज धडधाकट. गावानं केवढा उपकार केला, आणि अजून एकदाही बोलून दाखवला नाही. इतकं विनयशील गाव दुसरं नसेल.

आता काम. परवा पाटलाचा कारभारी वस्तीच्या तोंडाशी उभा राहिला. कानिफनाथकाका बाजेवर बसले होते. (बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेबांनी त्यांना कर्नेल्य हे नाव सुचवलं होतं. काका म्हणाले, "माज्या आईला त्या नावानं हाक मारता यायची न्हाई." तेव्हा ख्रिस्ती झाले, पण कानिफनाथच राहिले.)

कारभारी म्हणाला, "सकाळच्या पारी तुमी लोकांनी हिरीकडं फिरकायचं न्हाई. आमच्या बाया कठडा शेणानं सारवतील, आमचा दोर लावतील, पानी भरतील अन् जातील. मग दिसभर हीर तुमचीच."

काका म्हणाले, "म्हंजी आमच्या घरात आमीच पाव्हनं?"

"पान्याला न्हाई म्हनू ने, कानिफनाथ."

"पान्याला कुटं न्हाई म्हनतो? शेणाला म्हनतो."

कारभारी गेला. पण काका रात्रभर कुशी बदलत होते, असं त्यांची सून राही सांगत होती. समोर माणसं बारवेच्या धास्तीनं पाण्यासाठी लंगडत ओढ्यापर्यंत जातात, पोरं रडतात. आणि देवळात दर रविवारी आपण गुडघे टेकून काय काय कबूल करतो ते काकांना पाठ आहे. शेवटी ते म्हणाले, "ज्यांनी खनली त्यांना इचारायचं." वीस सालच्या दुष्काळात खणणाऱ्यांपैकी आता दोघंच उरलेत, काका आणि तू. मिशनच्या अहवालात ती विहीर देवाची कृपा म्हणून छापलीय. कातळाला सुरुंग कुणी लावला, छिन्नीनं कुणाचं बोट गेलं, ते छापायला जागा पुरली नसेल. आम्हाला ठाऊक आहे. म्हणून विचारते. गावाला पाणी द्यायचं का, आणि कशा रीतीनं?

बसूनच लिहिते आहे, आणि बराच वेळ बसले आहे. हल्ली माझी घागरही राहीच भरून आणते. वय झालं, असं समज.

तुझी बहीण,
मालन

---

हिवरखडे,
४ एप्रिल १९४५

भीमादादास,
सलाम.

कार्ड मिळालं. एवढ्या लांबरुंद कार्डावर दोनच वाक्यं. मुंबईत शाईलाही कंट्रोल लागला का?

पहिलं वाक्य, "शेणही लावू द्यायचं नाही आणि पाणीही द्यायचं नाही." बरं. काकांना वाचून दाखवलं. त्यांनी पागोटं काढून पुन्हा बांधलं.

दुसरं वाक्य मी कुणालाच वाचून दाखवलं नाही. "चांदभाई पिंजारी लेकाकडे परळला आला होता, तो म्हणतो मालन लंगडते. वस्तीत नारू नाही, मग तुझ्या पायात काय आहे?"

चांदभाईनं कापूस पिंजावा. माणसं कशाला पिंजतो?

हो, नारू आहे. डाव्या घोट्यावर. होळीच्या आधी फोड आला. मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण तू हसला असतास. आता हसून घे. मग पुढं वाच, कारण पुढं हसण्यासारखं नाही.

मी फडक्यांची बाई आहे, दादा. गेली काही वर्षं ह्या तालुक्यात दारोदार एकच गाणं गाते आहे. पाणी दुहेरी फडक्यातून गाळा, फडकं रोज धुवा, उन्हात वाळवा. पोरं मला बघून "गाळूनबाई आली" म्हणून ओरडतात. त्या गाळूनबाईच्या पायात नारू. लुगडं घोट्याच्या खाली सोडून, आत पट्टी बांधून मी महिनाभर हिंडले. मागच्या आठवड्यात मिससाहेब पुन्हा आल्या. चावडीपुढं गाव जमलं. त्यांनी समजावलं की बारवेच्या पायऱ्या बुजवा, वर कठडा बांधा, चाक बसवा. चुना मिशन देईल. पाटील मान डोलवत होते. त्यांच्याच घरात सुनेच्या गुडघ्यातून नारू निघतोय. काम होतंयसं वाटलं. तेवढ्यात नृसिंहभट उठले. त्यांच्याही पोटरीला काडी बांधलेली होती, ती सांभाळत उठले. म्हणाले, "वस्तीच्या विहिरीनं नारू होत नाही म्हणता. मग ह्या बाईंच्या पायाला काय गजरा बांधलाय?"

सगळ्या गावाची नजर माझ्या पायाशी आली.

"बोला की बाई. कुठलं पाणी प्यालात?"

मी बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर सुचलं नाही असं गावाला वाटलं, आणि ते त्यांना इतकं आवडलं की सभा तिथंच मोडली. आता गावाचं ठरलंय. विहीर आणि बारव दोन्ही सारख्याच, नारू हा देवीचा कोप, पायऱ्या वाडवडिलांच्या, त्यांना हात लावायचा नाही. मिससाहेब मला म्हणाल्या, "मालन, तू का नाही सांगितलंस?" त्यांनाही मी सांगितलं नाही.

तुला सांगते. तू लांब आहेस आणि माझ्याशी बोलत नाहीस, तेव्हा तुझ्याइतका भरवशाचा माणूस मला दुसरा नाही.

गेल्या उन्हाळ्यात पाटलाच्या सुनेचं बाळंतपण अडलं. मूल आडवं होतं. त्यांनी मला बोलावलं. बाळंतिणीच्या खोलीत मी होते तोवर माझा विटाळ नव्हता. तिथं माझे हात पाटलाच्या वंशाला धरून होते. मूल फिरवलं, सोडवलं, रडवलं. मुलगा झाला. मग ओसरीवर येऊन बसले आणि पुन्हा विटाळ झाला. घसा कोरडा पडला होता. रिवाजाप्रमाणं गड्यानं वरून धार धरायची आणि मी ओंजळ करायची. मी ओंजळ पुढं केलीसुद्धा.

तेवढ्यात छबूबाई पाटलीण स्वतः माजघरातून आली. हातात पितळी तांब्या, फुलपात्र. घरातलं, रोजच्या पिण्यातलं. भरलं आणि माझ्या हातात दिलं. हातात दिलं, दादा, वरून ओतलं नाही. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. म्हणाली, "पी मालन. घसा वाळला असंल."

दारातून ऊन आत येत होतं. फुलपात्रातल्या पाण्यात एक बारीक पांढरा ठिपका हलताना मला दिसला. गाळूनबाईला तो दिसायचाच. एवढंच म्हणायचं होतं, "वहिनी, जरा फडकं द्या." एवढंच. कुठल्याही घरात म्हणाले असते. पण ह्या गावात आपल्यापैकी कुणाच्या हातात आजवर कुणी भांडं दिलं नव्हतं. ते हातात आलं आणि मी म्हणू, तुमचं पाणी घाण आहे? जीभ उचलली नाही.

ठिपका बघून प्याले. सगळं प्याले. फुलपात्र रिकामं करून तिच्या हातात दिलं. परत येताना चाल अशी होती, की तू पाहिली असतीस तर भांडण विसरला असतास.

आता गावापुढं खरं सांगायचं म्हणजे छबूबाईचं नाव घ्यायचं. पाटलीणबाईनं आपल्या पिण्याच्या भांड्यातून वस्तीतल्या बाईला पाजलं, ही गोष्ट चावडीवर गेली की तिच्या घरावर बहिष्कार, आणि घरातल्या घरात तिची काय गत होईल ते वेगळंच. सांगितलं तर पायऱ्या बुजतील. नाही सांगितलं तर पुढच्या उन्हाळ्यात निम्मं गाव पुन्हा काड्या बांधून बसेल, आणि त्यांत तिचा तो नातूही असेल. आता तो पाणी प्यायला लागलाय.

काय करू म्हणून विचारत नाही. फक्त कळवलं.

मालन

---

हिवरखडे,
२९ एप्रिल १९४५

भीमादादास,
सलाम.

ह्या वेळी कार्डावर एकच वाक्य. "तिचं नाव घे, जरा त्यांनाही भाजू दे." तुझी काटकसर वाढते आहे. पुढच्या वेळी कोरं कार्ड येईल, ते मी नीट समजून घेईन.

नाव घेतलं नाही. तुझं ऐकायचं नव्हतं म्हणून नव्हे. एकाच बाईनं मला माणूस म्हणून पाणी दिलं, तिलाच पहिली चावडीवर उभी करायची, हे मला जमलं नाही. पाळकसाहेबांनीही "सत्य सांगावं, मालनबाई" असा उपदेश केला. मी म्हटलं, सत्य माझं असतं तर केव्हाच सांगितलं असतं. ते दुसऱ्याच्या घरचं आहे. पाळकसाहेबांनी चहा मागितला.

मग एके सकाळी छबूबाई स्वतःच दवाखान्यात आली. नातवाचे डोळे आले होते. मी थेंब घातले. ती खाली बसली होती, नजर माझ्या घोट्यावर. पट्टी सुटली होती.

"कवापासनं?"

"होळीच्या आधीपासनं."

"मिससायब म्हनली, प्यालं की वरसानं निगतो."

"व्हय."

तिनं पोराच्या टोपड्याच्या नाड्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. मग म्हणाली, "तू माज्या घरी प्यालीस."

मी म्हटलं, "वहिनी, मी पुष्कळ घरी जाते."

"पुष्कळ घरी जातीस. पेतीस कुटं? कोन देतंय तुला?"

ती उठली, पोराला कडेवर घेतलं आणि गेली. औषधाची पुडी तिथंच राहिली.

दोन बाजारांनंतर पुन्हा सभा भरली. सभा कसली, नृसिंहभट देवीला कौल लावायचा ठराव करत होते. बायका मागं पारापाशी. मी दूर, वस्तीच्या बाजूला, काठी टेकून. मधेच छबूबाई डोक्यावरचा पदर सारखा करत पुढं आली. पाटलांनी "आत जा" म्हणून हात केला. ती काही गेली नाही.

म्हणाली, "मालन माज्या घरी प्याली. बारवंचं पानी. माज्या फुलपात्रातनं, म्या हातात दिलं. माजी सून मोकळी केली तिनं, अन् म्या तिला नारू पाजला. ती म्हैनाभर गप ऱ्हायली. माज्या अब्रूपायी गप ऱ्हायली. आता काय तो दंड करा, म्या हुबी हाय. पर बारवंच्या पायऱ्या आदी बुजवा. माजा नातू त्यातलं पेतोय."

दादा, मला तोंड आहे हे तू जाणतोस. माझी उत्तरं लोक चार गावांत सांगत असतात. पण एवढं सरळ वाक्य मला आयुष्यात बोलता आलेलं नाही.

नृसिंहभटांनी घसा खाकरला. वाईट माणूस नव्हे तो. पोथीत जे दिसतं ते म्हणतो. म्हणाले, "प्रायश्चित्त घ्यावं लागेल, पाटलीणबाई. पंचगव्य प्राशन."

छबूबाई म्हणाली, "पेते की. पर गाळून पेईन."

पहिली बायकांत कुणीतरी फिसकन हसली. मग पुरुषांत. मग नृसिंहभटांची स्वतःचीच दाढी हलायला लागली, आणि हलली तशी पोटरीच्या काडीला ओढ बसून ते "आई गं" म्हणून खाली बसले. पाटलांनी इकडं तिकडं पाहिलं. बायकोला आत घालवण्याची वेळ टळून गेली होती. म्हणाले, "पायऱ्या बुजवा."

मी गाळूनबाई. पण गाळणं गावात रुजलं ते त्या एका वाक्यानं. आता पोरं मला सोडून पाटलीणबाईंच्या मागं ओरडतात.

खरी गोष्ट इथून पुढची. पायऱ्या बुजवायच्या तर बारव उपसायला लागणार. दगड बसणार, चुना मुरणार. पाऊस पडेपर्यंत तिथलं पाणी बंद. ओढा आटला. सगळ्या माना हळूहळू आपल्या वस्तीकडे वळल्या.

कानिफनाथकाका पुढं झाले. ह्या वेळी कारभारी नव्हता, स्वतः पाटील होते. काका म्हणाले, "हीर देऊ. शेण न्हाई. दोर एक, आमचा. पव्हरा एक, आमचा. रांग एक. आमच्या बाया म्होरं असल्या तर म्होरं, मागं असल्या तर मागं. पटलं तर बगा." आणि मग म्हणाले, "पर माजं एकल्याचं चालत न्हाई. भीमाला इचारावं लागंल. तो म्हमईला हाय."

पाटलांनी विचारलं, "भीमा न्हाई म्हनला तर?"

"मग न्हाई."

दादा, हिवरखड्याचा पाटील तुझ्या हो-नाहीची वाट बघत चावडीवर बसलाय. एवढ्यासाठी तरी तुला मुंबईला गेल्याचं समाधान वाटेल.

तू "नाही" म्हणालास तर मी कळवीन, आणि तुला बोल लावणार नाही. आई बारवेच्या काठावर घागर घेऊन बसायची, कुणीतरी वरून ओतेल म्हणून, ते मीही पाहिलंय. मी काही विसरून हे करत नाही. तुझ्याइतकंच आठवतं, म्हणून करते. आपल्याला मिळालं नाही ते आपण कसं देतो, हे ह्या गावाला एकदा बघू दे. रांगेत उभं राहून बघू दे.

तार कर. गाव तहानलेलं आहे.

मालन

---

हिवरखडे,
१७ मे १९४५

भीमादादास,
सलाम.

तार पोचली. "दे. दोर आपला. रांग एक. भीमा." तारमास्तरांनी पाटलांपुढंच मोठ्यानं वाचली, आणि 'भीमा' शब्दावर जरा थांबले. पाटलांनी मान हलवली. एखाद्या कलेक्टरचा हुकूम ऐकावा तशी.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. राही पहाटेपासून पदर खोचून कठड्याशी उभी. तोंडानं फटकळ, पण दोर नवा आणून रात्रभर भिजवून ठेवला होता. गावातल्या बायका ओढ्यात झिरे उकरत बसल्या. दुपारी राही मला म्हणाली, "आत्याबाई, आपलं पानी कडू झालंय का?"

मी म्हटलं, "पाणी गोड आहे. गावाला गिळायला जरा वेळ लागतोय."

दुसऱ्या दिवशी उजाडताना छबूबाई आली. एकटी. डोक्यावर घागर, वर कळशी. नवरा बोलत नाही म्हणे तिच्याशी, पण अडवलंही नाही. ती थेट कठड्यापाशी गेली. राही म्हणाली, "पाटलीनबाई, रांग तिकडनं हाय."

मी ओट्यावर पाय लांब करून बसले होते, उठता येत नव्हतं. छबूबाईनं मागं बघितलं. आपल्या वस्तीच्या चार बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. ती गेली आणि पाचवी उभी राहिली.

पाळी आल्यावर दोर धरला. बारवेच्या पायऱ्या उतरणारी बाई ती, पोहरा सोडायची सवय नव्हती. दोर हातातून सुटला, पोहरा धाडकन खाली. राहीनं मागून तिचे दोन्ही हात धरून दाखवलं. असा सोडायचा, असा झटका द्यायचा, असा ओढायचा. दोघींचे हात एका दोरावर. पाणी वर आलं. छबूबाईनं घागरीच्या तोंडावर फडकं बांधलं आणि गाळून घेतलं.

मी म्हटलं, "वहिनी, ह्याला गाळायची गरज नाही."

म्हणाली, "असू दे. सवय लागलीया."

बाकीच्या बायका तिच्या मागं दिसायला फार वेळ लागला नाही. नृसिंहभटांची बायको सगळ्यांत शेवटी आली, आणि घागर सगळ्यांत मोठी.

आपली माणसं बारवेवर दगड घडवतायत. माझा नारू निघाला, अख्खा. पाय वाचला.

मालन

---

हिवरखडे,
२० एप्रिल १९४७

भीमादादास,
सलाम.

दोन वर्षांत तुझी सहा कार्डं आली. एकावर तर चक्क चार वाक्यं होती. मी ती देवळात वाचून दाखवावीत असा काकांचा आग्रह आहे.

आता जे सांगते ते नीट ऐक. गेल्या उन्हाळ्यात गावात नारू निघालाच. जे पायऱ्या असताना पाणी प्याले होते त्यांना. गाव म्हणालं, बघा, पायऱ्या बुजवून काय झालं? मी म्हणाले, हा मागचा हिशेब आहे, थांबा. पोरं पुन्हा माझ्या मागं ओरडायला लागली. ओरडू दिली.

यंदा होळी झाली, पाडवा झाला, आता उन्हाळा मध्यावर आला. मी रोज गावातून फेरी मारते. ओट्यावर कुणी मांडी घालून बसलेलं नाही. एकसुद्धा काडी नाही. मिससाहेबांनी स्वतः घर न् घर पाहिलं, लोकांना पाय दाखवायला लावले. नृसिंहभटांनी दोन्ही पोटऱ्या उघड्या करून दाखवल्या, आणि वर म्हणाले, "देवीची कृपा." मिससाहेब म्हणाल्या, "प्रभूची कृपा." मी म्हणाले, कृपा कुणाची ते दोघं मिळून ठरवा, चुना कुणी कालवला ते मी सांगते.

छबूबाईचा नातू अंगणात पळतो. दोन्ही पाय साफ.

खोटं लिहायचं नाही म्हणून हेही लिहिते. बारवेच्या नव्या कठड्यावर आपल्या वस्तीची घागर अजून चालत नाही. बोलणं चालू आहे. काका म्हणतात, बुजवायच्या पायऱ्या अजून पुष्कळ हायेत. तेही करू. पण आपल्या विहिरीवर गावातल्या बायका अजून येतात, बारव सुरू झाल्यावरही. कारण आपलं पाणी गोड आहे आणि डाळ लवकर शिजते, हे त्यांना कळून चुकलंय. एकदा जिभेला कळलं की मग फार अडत नाही.

आणि काल भांडण झालं. ते कळवण्यासाठीच खरं तर हे पत्र.

पाटलांकडं पाव्हणे आले होते, छबूबाईला घाई होती. तिनं पाळी सोडून घागर पुढं सरकवली. राहीनं ती पायानं मागं लोटली आणि तोंड सोडलं. झालं.

"का गं, तुज्या घागरीला सोन्याचा काठ हाय का?"

"अन् तुज्या पायाला डोळं न्हाईत व्हय, घोडे?"

"घोडी कुनाला म्हंती, सटवे? म्या हितं पहाटंपासनं हुबी हाय!"

"हुबी ऱ्हा की सांजपतोर. माजं पाव्हनं उपाशी बसलंत!"

"तुजं पाव्हनं बसलंत, माजी सासू बसलीया! हिरीला काय पाव्हन्यांचा नंबर येगळा हाय?"

रांगेतल्या सगळ्या बायका दोन्ही बाजूंना वाटल्या गेल्या, आणि वाटणी अशी की मला हसू आवरेना. नृसिंहभटांची बायको राहीच्या बाजूनं आणि आपली जनाबाई पाटलिणीच्या. मी ओट्यावर उठून बसले. खरं सांगते दादा, मी वाट बघत होते. आता येईल ती जातीवरची शिवी. रागात माणसाच्या तोंडून पहिली तीच येते, ह्या गावात जन्म गेलाय माझा. छबूबाईचं तोंड लाल झालं, श्वास घेतला, आता येईल, आता.

तिनं राहीला आळशी म्हटलं. पाणचट म्हटलं. तिच्या स्वयंपाकावर घसरली. राहीनं तिच्या सुनेचे वाभाडे काढले. बराच वेळ दोघी एकमेकींच्या सात पिढ्यांच्या चुली, सुना आणि शेळ्या उकरत राहिल्या. पण ती शिवी आली नाही. लपवलेलीही दिसली नाही. ती तिथं नव्हतीच.

"मालन, तू तरी सांग हिला!" दोघी एकदमच ओरडल्या.

मी उठले नाही. म्हटलं, "चालू द्या, चालू द्या. मला ऐकू येतंय."

एवढं गोड भांडण मी कधी ऐकलं नाही.

तेव्हा एकदा ये. ह्या उन्हाळ्यात जमलं तर बरं. तुझ्या विहिरीचं पाणी पी. मात्र रांगेत उभा राहा, आणि मीच खणली म्हणून राहीला सांगायला जाऊ नकोस. ती पाटलिणीलाही सोडत नाही.

तुझी,
मालन